देवीची लस

"पेटी खाली ठेव, च्या पी आन् जा," म्हस्कूमामा म्हणाले. "मेंढरांना हात लावायचा न्हाई."

ते वाघरीच्या तोंडाशी आडवे उभे होते. मागं वाघरीच्या त्या जाळीत त्यांची सव्वाशे मेंढरं एकमेकांना चिकटून बसली होती. हौसरावनं खांद्यावरची लशीची पेटी खाली ठेवली नाही. ठेवली असती तर चहा घ्यावा लागला असता, आणि चहा घेतल्यावर बोलणं पाण्यापावसावर गेलं असतं.

सन दोन हजार सहाचा माघ चालू होता. भांडगावकडच्या रानात बसलेल्या एका कळपात देवी निघाली होती. मेंढरांच्या या रोगाला सगळे देवीच म्हणतात, सरकारी कागदावरही तेच नाव. आधी ताप येतो, मग ओठांवर, कासेवर, शेपटीखाली फोड. कोकरं तर तीन-चार दिवसांत जातात. तो कळप नदी ओलांडून निमोण्याच्या बाजूला, मामांच्या वस्तीकडं सरकत होता.

हौसराव जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत तो याच मामांच्या कळपामागं चालला होता. पुढं वसतिगृहात राहून शिकला, दोन वर्षांचा कोर्स केला. तो पास झाला तेव्हा मामांनी बिरोबाच्या देवळात भंडारा उधळला होता. वस्तीवर पहिली सुई टोचली तीही मामांच्याच मेंढीला, आणि मेंढी धरून मामाच बसले होते. त्यानंतर नऊ वर्षं लस टोचून घ्यायला कुणी कां-कूं केलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी वस्तीवरची त्रेचाळीस मेंढरं मेली. फाल्गुनात लस टोचली होती आणि ज्येष्ठात देवी आली. वस्तीवर दोन मतं पडली. काही म्हणाले, सुईनंच मेली. मामांच्या अंगात देव येत असे. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. देवी घरी येते तेव्हा तिची ओटी भरायची असते, आपण तिला सुई दाखवली, म्हणून ती कोपली.

खरं काय झालं ते फक्त हौसरावला माहीत होतं. लस टोचण्याआधी दोन दिवस दवाखान्यात वीज नव्हती. फ्रीज तापून बसला, बर्फाचं पाणी झालं. बाटल्या हातात घेतल्या तेव्हा त्या कोमट होत्या. त्यानं तालुक्याच्या साहेबांना फोन केला होता. मार्च संपत आला होता. साहेब म्हणाले, लस टोचल्याचं पत्रक आजच पाठवायचंय, टोचून टाका. आणि त्यानं टोचली. ती लस मेंढरांना मारणारी नव्हती, पण वाचवणारीही उरली नव्हती.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अगदी बायकोलाही नाही.

मामांनी वाट अडवली त्या दिवशी तो तसाच परतला. चार दिवसांनी साहेबांना घेऊन आला. साहेब जीपमधून उतरले, वस्तीवरच्या माणसांना देवळापुढं बसवलं आणि अर्धा तास बोलले. एकविसावं शतक, अडाणीपणा, बुवाबाजी असं बरंच काही. माणसं खाली बघून ऐकत राहिली. मध्येच मामांकडं बोट दाखवून साहेब म्हणाले, अंगात आणून रोग बरे होत असते तर दवाखाने कशाला लागले असते? जीप गेल्यावर मामांनी हौसरावकडं पाहिलंही नाही.

पुढचा आठवडाभर हौसरावला जेवण गोड लागलं नाही. साहेबांचा राग येत होता, वस्तीचाही येत होता, पण दोन्हीकडून फिरून तो स्वतःपाशीच येऊन थांबत होता. शेवटी रविवारी सकाळी तो पुन्हा देवळापुढं गेला. मामा होते, आणखी दहा-बारा जण होते. मामांची बायको गीतामामी बाजूला ताक घुसळत होती.

तो उभ्या उभ्याच बोलला. वीज गेली होती, लस खराब झाली होती, ते त्याला कळलं होतं, तरी त्यानं टोचली होती. औषधात खोट नव्हती, आमच्यात होती, असं तो म्हणाला. या वेळी बर्फ त्यानं स्वतः शिरूरहून आणला होता. पेटी उघडून त्यानं मामांपुढं ठेवली आणि हात घालून बघायला सांगितलं.

मामांनी खरंच हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"थंड हाय," ते म्हणाले. मग हात धोतराला पुसत विचारलं, "तवा का न्हाई बोललास?"

"नोकरी गेली असती, मामा."

"आन् औंदा काय बिघडलं आसंल तर सांगशील, ह्ये कशावरून?"

हौसरावनं पेटीचं झाकण लावलं.

"हे बघ," मामा शांतपणे म्हणाले, "देवी मेंढरं न्हेती. पन तिनं कवा लिहून दिलं न्हाई, का तुमची मेंढरं वाचतील म्हनून. तू छातीला हात लावून सांगितलं हुतंस. आमी देवापरीस तुझ्यावर जास्ती इस्वास टाकला, ह्येच चुकलं."

कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. माणसं एकेक करून उठली. भांडली असती तर हौसरावला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गीतामामी दवाखान्यात आली. मागं तिची स्वतःची अकरा मेंढरं होती. माहेरहून मिळालेल्या दोन मेंढ्यांपासून वाढलेला तो छोटा कळप. नवऱ्याला सांगून आलीस का, असं त्यानं विचारलं नाही.

"तुझ्या औषधाचं मला काय कळत न्हाई," ती म्हणाली. "पन पोटातलं बोललास, म्हनून आले."

त्यानं अकराही मेंढरांना लस टोचली.

तीन आठवड्यांनी देवी वस्तीवर आली. मामांनी ओटी भरली, लिंबाचे डहाळे वाघरीला बांधले, सात दिवस घरात फोडणी दिली नाही. रोज पहाटे अंघोळ करून ते मेंढरांभोवती फिरत आणि पडलेल्या कोकराचं डोकं मांडीवर घेऊन बसत. त्यांनी काही कमी केलं असं कुणालाच म्हणता आलं नसतं. मामांची एकसष्ट मेंढरं गेली. गीतामामीच्या अकरांपैकी एकीलाही फोड आला नाही.

हौसरावला वाईट वाटत होतं, आणि आत कुठंतरी आशाही वाटत होती. आता तरी दिसेल. एकाच वाघरीत, एकाच रानात, एकाच पाण्यावरची मेंढरं. याहून उघड ते काय असणार? पण वस्तीवर बोललं जात होतं ते निराळंच. गीताबाईचा हात पवित्र आहे. देवीनं म्हस्कूचा गुन्हा धरला, बाईचा नाही धरला. मामाही तेच म्हणत होते.

तो मामीकडं गेला. तू तरी लोकांना सांग, म्हणाला.

मामी म्हणाली, "मी काय सांगू? मी मरीआईला नवस बोलले हुते."

"अकरांसाठी?"

"सगळ्यांसाठी बोलले. सव्वाशेच्या सव्वाशे."

"मग बाकीची का मेली, मामी?"

खाली बघून ती विझलेल्या चुलीतली राख उकरू लागली. "त्ये तिला ठावं," ती म्हणाली.

हौसराव तिथून उठला. रस्त्यावर येईपर्यंत तो दातओठ खात होता. आणि गाडीला किक मारताना त्याच्या लक्षात आलं, की असंच काही कोमट बाटल्यांबद्दल कुणी त्याला विचारलं असतं, तर गेलं वर्षभर तोही खाली बघतच राहिला असता.

साहेबांनी मेलेल्या मेंढरांचा अहवाल मागवला. त्यात 'लस न घेण्याचे कारण' असा रकाना होता. अंधश्रद्धा लिहा आणि पाठवा, असा निरोप होता. हौसरावनं लिहिलं, 'मागील वर्षी वीज नसल्याने लस निकामी झाली होती. हे माहीत असूनही मी ती टोचली. त्यामुळे लोकांचा विश्वास राहिला नाही.' खाली सही केली. अहवाल दुरुस्तीसाठी परत आला. त्यानं नव्या कागदावर तेच शब्द पुन्हा लिहिले आणि पाठवले. पुढं चौकशी लागली, दोन वेतनवाढी थांबल्या. साहेबांची मात्र बढतीवर बदली झाली.

पण तो अहवाल पहिल्यांदा पाठवला त्या दुपारी हौसराव वस्तीवरच गेला होता. रोगानं मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नये, हे सांगायला नव्हे; सांगून आता कुणी ऐकेल असं त्याला वाटत नव्हतं. तो फावडं घेऊन गेला. ओढ्याच्या वरच्या अंगाला मामा एकटेच खड्डा खणत होते. कडेला शेवटी मेलेली सात मेंढरं ओळीनं ठेवली होती, तोंडं पूर्वेला करून.

मामांनी त्याला बघितलं आणि थोडं सरकून जागा दिली. दोघं मिळून खणत राहिले. माती कडक होती. कमरेइतकं खोल गेल्यावर त्यांनी एकेक मेंढरू दोघांत धरून आत उतरवलं. शेवटचं कोकरू मामांनी एकट्यानंच घेतलं.

वर, रोग पसरू नये म्हणून मेलेल्या जनावरांवर टाकतात त्या चुन्याची गोणी होती, तोंड न उघडलेली. मामांनी कुठून आणली होती कोण जाणे. ते गोणीपाशी उकिडवे बसले. तोंडाची सुतळी सोडली आणि वर न बघता विचारलं,

"किती टाकायचा?"

"वीतभर थर," हौसराव म्हणाला. "कडेनंसुद्धा."

मामांनी वीत धरून खड्ड्याची कड मोजली, आणि चुना टाकायला सुरुवात केली.