आठ दिवसांचं मरण

माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या पहिल्याच कादंबरीत मला मारलं. कागदावरच मारलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता.

कादंबरी आमच्याच घराची. आई, दोन मुली. मोठी अचानक जाते आणि मागे राहिलेल्या दोघी हळूहळू बदलत जातात. पण मोठी गेल्यानंतरचं प्रकरण काही केल्या जमेना. शेवटी बाईसाहेब माझ्या शिलाई मशीनजवळ येऊन बसल्या. "ताई, आठ दिवस मेलेली राहशील? घरात ये-जा कर, पण बोलायचं नाही. आम्हीही तुझ्याकडे बघणार नाही. आई काय काय करते ते मला टिपून घ्यायचंय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

पण आईने लगेच "चालेल की" म्हटलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्या पटकन? "ठीक आहे," मी म्हणाले, "सोमवारपासून मेले मी."

दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन भूत व्हायचं. टेबलावर दोनच ताटं. मी ओट्याशी उभ्याने जेवायचे. दुसऱ्या दिवशी आईने माझा कप्पा रिकामा केला. तिसऱ्या दिवशी मी जिन्यावरून घसरून धाडकन आपटले, तरी दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही. बहिणीचं पेन तेवढं कागदावर खरखरत होतं. अस्सा राग आला मेलीचा! रात्री गुडघ्याला मलम चोळताना मात्र मनात आलं, किती सहज जमलं होतं त्यांना मी नसणं.

पाचव्या दिवशी वीज गेली म्हणून दुकान लवकर बंद झालं. बहीण घरात नव्हती. आई कपाटावरच्या माझ्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसली होती. मी दारात थबकले. तिला माझी चाहूल लागली, खांदे जरासे आखडले, पण ती वळली नाही.

"तो आला होता गं इथे, घरी," ती फोटोला म्हणाली. "ठरल्या वेळेच्याही आधी. मी सांगितलं, तिचा विचार बदलला, तिला भेटायचं नाही तुला."

बावीस वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर पळून जायचं म्हणून मी स्टेशनवर त्याची वाट बघत चार गाड्या जाऊ दिल्या होत्या. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आणि वेळ पाळत नाही, असं म्हणून पुढे मीच त्याची टिंगल करत राहिले. लोकांना हसवायचं म्हणजे ते काही विचारत नाहीत.

"तू गेली असतीस तर माझं कसं झालं असतं?" आई रडत होती. माझ्यासाठी तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. जिवंतपणी काहीही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं, "मला नाही बाई आठवत." आता सगळं आठवत होतं.

मग ती रोज थोडं थोडं सांगू लागली. मी दुकान लवकर बंद करून यायचे, दारात श्वास रोखून उभी राहायचे. आठव्या दिवशी ती म्हणाली, "जाताना त्याने पत्र दिलं होतं तुझ्यासाठी. मी वाचलं ते. त्यात त्याने लिहिलं होतं..." तेवढ्यात बहीण आली आणि आईने तोंड पुसलं.

नववा दिवस. बहिणीने वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "झालं प्रकरण! ताई, संपलं गं तुझं मरण. बस जेवायला."

आईने ताट घेतलं. ताटामागून माझ्याकडे सरळ बघितलं, आठ दिवसांत पहिल्यांदाच. "ये गं," ती म्हणाली. तिचा चेहरा हळूहळू बंद होत चालला होता, मला तो चांगलाच ओळखीचा आहे. एकदा मी खुर्चीत बसले की पत्राचं तिला काही म्हणजे काही आठवणार नव्हतं.

मी जागची हलले नाही.

"ताई? अगं, पुरे झाली नाटकं!" बहिणीने माझा हात धरून हलवला. तिचा आवाज चिरकला. "ताई, बोल ना!"

ओ द्यायला माझी जीभ शिवशिवत होती. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

आई बराच वेळ ताट धरून उभी होती. आधी ती घाबरली. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, अगदी हलकी झाली ती. ताट तिने मांडणीत ठेवलं, फोटोसमोर खुर्ची ओढली आणि म्हणाली, "हं. तर पत्रात काय होतं ते सांगते."

बहीण हुंदके देत होती. मी पायाचा आवाज होऊ न देता आईच्या मागे जाऊन उभी राहिले.