माती लोटण्याआधी

शहादेव खड्ड्यात उतरला, आईचं डोकं नीट टेकवलं, वर आला आणि हाताची माती झटकत म्हणाला, "म्हना आता. कोन म्हननार हाय?"

कुणीच पुढे झालं नाही. दर रविवारी त्याच्या आईच्या, दगडाबाईच्या, घरी प्रार्थनेला बसणारे चौघे मसनवट्यात हजर होते, पण चौघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली होती. एरवी ते आत शिरले की आधी दाराला कडी घालत आणि टीव्हीचा आवाज वाढवत, गाणी गल्लीत ऐकू जायला नकोत म्हणून. दगडाबाई त्यांच्याकडे बघून हसायची. आता इथे दार नव्हतं आणि टीव्हीही नव्हता. समोर अख्खी भावकी उभी होती, आणि बाभळीखाली सरपंच सुंदरराव.

शहादेवाचा येशूवर काडीचा विश्वास नव्हता. पण आईने मरताना त्याच्याकडून वचन घेतलं होतं. माती लोटण्याआधी माझ्या माणसांपैकी एकाने चारचौघांत, मोठ्याने प्रार्थना करावी, एवढंच तिचं मागणं होतं.

माजलगावचे पास्टर तापाने पडलेले. राहता राहिला त्रिंबक, चौघांतला सगळ्यात जुना विश्वासी. तो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. नोकरी कायम नाही. सरपंचाने मनात आणलं तर उद्या दुसरा. घर त्याच पगारावर चालायचं.

"पुस्तक न्हाई आनलं," त्रिंबक हळूच म्हणाला.

खरं तर चौघांनीही आणलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा आणील. काखेत प्रार्थनेचं पुस्तक धरून भर गावातून चालायचं कुणी? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

"अकरा वर्सं आमच्या घरात बसून काय केलं मंग, तात्या? येवढंबी पाठ न्हाई का?" शहादेव ओरडला नाही. रडून त्याचा घसा बसला होता. "लोटू का माती? सांगा."

त्याने फावडं उचललं. त्रिंबकाने खाली पाहिलं. दगडाबाईचा चेहरा अजून उघडाच होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती तसूभरही कमी झाली नव्हती, पण लाज तिच्यापेक्षा मोठी झाली. त्याने चपला काढल्या, टोपी काढली.

"प्रभू येशू," तो म्हणाला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. "प्रभू येशू, ही दगडाबाई. हिनं तुजं नाव कदी लपवलं न्हाई. आमी लपवलं. हिला जवळ घे. आमाला माफ कर. आमेन."

मागून एकही आमेन आला नाही. शहादेवाने माती लोटायला सुरुवात केली.

परतताना सुंदररावांनी त्रिंबकाला वाटेत थांबवलं.

"त्रिंबक, पंपघराची चावी."

"जी?"

"चावी दे. उद्यापासून बद्रीनाथ सोडील पानी."

कारण सांगितलं नाही की आवाज चढवला नाही. चावी कमरेच्या करदोट्याला बांधलेली होती. गाठ सुटायला बराच वेळ लागला. सरपंच तेवढा वेळ शांतपणे उभे राहिले.

घरी विजयमालाला, बायकोला, त्याने झालेलं सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पाठ करून पीठ मळत बसली. पीठ कधीच मळून झालं होतं, तरी तिचे हात थांबेनात.

दिवे लागायच्या सुमाराला हरिबा आला. चौघांतलाच एक. पुढच्या दाराने नाही, मागच्या न्हाणीकडून आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सरपंचानं काय इचारलं?"

"काय न्हाई. चावी मागितली."

हरिबाने मागे वळून गल्लीकडे पाहिलं. "आमचं नाव तर न्हाई ना सांगितलंस?"

त्रिंबकाच्या तळपायाची आग मस्तकाला जायला हवी होती. पण गेल्या उन्हाळ्यात, प्रार्थनेला कोण कोण येतं त्यांची नावं काढायला, सरपंचांनी दगडाबाईला ग्रामपंचायतीत बोलावून दुपारभर उन्हात बसवून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी तिच्या घरी कोण गेलं होतं? हाच त्रिंबक, असाच मागच्या बाजूने, आणि हेच विचारायला. म्हातारीच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. "न्हाई रं बाबा," म्हणून तिने त्याच्या चहासाठी स्टोव्ह पेटवला होता.

"न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "आत ये. च्या घे."

हरिबा आत आला. आल्याआल्या त्याने दाराला कडी घातली.