आत्याची जोडीदार

रोशेलने नेरिसला सगळं पढवून आणलं होतं. चर्चमागच्या सभागृहात शिरल्यावर आधी वयस्कर बायकांची विचारपूस करायची, ताटात वाढलेलं टाकायचं नाही, आणि कोणी विचारलंच तर आपण मैत्रिणी.

"नुसत्या?" नेरिसने विचारलं होतं.

"आजचा दिवस गं."

धाक होता तो वेरोना आत्याचा. रोशेलची आई यॉर्कशरची गोरी, वडील जमैकाचे. वडील लवकर गेले. आईने मायेत काही कमी केलं नाही, पण मुलीच्या दाट कुरळ्या केसांपुढे ती हात टेकायची. मग दर शनिवारी आत्या यायची, भाचीला गुडघ्यांत धरून वेण्या घालायची, आणि शाळेत कोणी ‘अर्धी’ म्हटलं तर काय सुनावायचं तेही शिकवायची. आपण काळ्या आहोत हे रोशेलला कळलं ते त्या बोटांतून.

आत्याला रोशेलचा आधीचा मित्र जेरोम फार पसंत होता. त्याच्याशी मोडल्यावर तिने बरेच दिवस तोंड फुगवलं होतं. आणि आता ही नेरिस, वेल्सची, जरा उन्हात बसली की लालबुंद होणारी. मुलगी आहे हे आत्या एक वेळ पचवील, पण ‘गेलीस ना शेवटी गोऱ्यांकडे?’ असं म्हणेल, ही रोशेलची खरी भीती.

जेवणं झाली आणि डॉमिनोची टेबलं लागली. चौघं खेळतात, समोरासमोरचे जोडीदार. प्रत्येक सोंगटीवर दोन आकडे; रांगेच्या टोकाच्या आकड्याशी जुळणारी सोंगटी लावायची, नसेल तर ‘पास’; ज्याच्या सोंगट्या आधी संपतात त्याची जोडी जिंकते. जोडीदाराशी बोलायचं नाही. त्याने काय लावलं, कशाला ‘पास’ म्हटलं, यावरून त्याचा हात ओळखायचा. लागोपाठ सहा डाव हरणं म्हणजे नाचक्की. ती वर्षभर ऐकावी लागते.

"माझी जोडीदार गुडघा धरून घरी बसलीय," आत्या नेरिसला म्हणाली. "तुम्ही बसा माझ्यासमोर. खेळता येतं ना?"

"रोशेलने शिकवलंय."

"म्हणजे नाहीच."

रोशेलच्या समोर फिट्झरॉय काका बसले, आत्याचे शेजारी. ते सोंगटी असा हात उगारून आपटायचे की बाकीच्या सोंगट्या उडायच्या. नेरिस मात्र चहात साखर सोडावी तशी अलगद ठेवायची.

"आपट की गं पोरी! टेबल चर्चचं आहे, तुझं नाही!" काका ओरडायचे.

आत्या आणि नेरिस पाच डाव हरल्या. भोवती माणसं गोळा झाली. सहाव्या डावात रोशेलच्या हातात एकच सोंगटी उरली, पाचाची, आणि टेबलावर एका टोकाला पाच उघडा. लावला की सहा-शून्य. नेरिसचे कान लाल झाले होते. आत्या आपल्या सोंगट्या पुन्हा पुन्हा मोजत होती. आजच का ही नाचक्की, रोशेलला वाटलं. तिने टेबलावर टकटक केलं. "पास."

नेरिसने आपली शेवटची सोंगटी ठेवली आणि डाव जिंकला. टाळ्या पडल्या. आत्याने टाळी वाजवली नाही. हात लांबवून तिने रोशेलची सोंगटी उलटी केली.

"पाच," ती म्हणाली. "तू पास म्हणालीस, म्हणजे तुझ्याकडे पाच नाही असं धरलं होतं मी. कोणाची कीव केलीस? हिची की माझी?"

"आत्या, मला वाटलं..."

"तुला वाटलं, मला झेपायचं नाही. हरणंही, आणि हीसुद्धा. मैत्रीण म्हणे! मैत्रिणीच्या ताटातल्या मिरच्या कोणी एकेक करून वेचत नाही. मी आंधळी नाहीये."

काका खाकरले. "वेरोना, पाद्रीबाबांच्या कानावर गेलं तर?"

"पाद्रीबाबांना डॉमिनो येत नाही. त्यांना कशाला मध्ये ओढतोस?"

"मला वाटलं तू म्हणशील," रोशेलचा आवाज चिरकला, "की मी आपल्या लोकांना सोडून गेले."

आत्याने ती पाचाची सोंगटी बाजूला सारली. "तुझं काळेपण काय पाहुणा आहे, गोरं माणूस घरात आलं की उठून जायला? तुझ्या बापानेही गोरीच आणली होती. गेला का तो कुठे? माझ्याच स्वयंपाकघरात येऊन भांडायचा. जेरोम गेला त्याचं वाईट वाटलं, कारण माझ्या गाडीचं तेल तो फुकट बदलायचा." हशा पिकला. आत्या हसली नाही. "पण खोटा पास? माझ्या टेबलावर? हा डाव मोडला. वाटा पुन्हा. आणि रोशेल, या वेळी तुझ्या आत्याशी खेळतेस असं खेळ."

नेरिस मध्येच बोलली. "आणि माझ्याशीही."

रोशेल खेळली. नेरिसने तीन रोखले, तर तिने चार उघडले. आत्याला दोनदा पास म्हणायला लावलं. शेवटची सोंगटी तिने डोक्यावरून हात फिरवून अशी आपटली, की पेयाचे पेले हिंदकळले. सहा-शून्य! काका खुर्चीवर चढले. मागून कोणीतरी पातेलं बडवायला लागलं.

आत्याने सगळी थट्टा मान ताठ ठेवून ऐकून घेतली. मग ती नेरिसकडे वळली.

"सहा-तीनची सोंगटी का दाबून बसली होतीस? मी तीन मागतेय हे दिसत नव्हतं? डोळे कुठे होते तुझे?"

"रोशेलकडे," नेरिस चाचरत म्हणाली.

"तिच्याकडे घरी बघ. टेबलावर माझ्याकडे बघायचं. पुढच्या रविवारी चर्च सुटलं की ये, शिकवते. हे सहा-शून्य मला परत फेडायचंय."

"आणि मी?" रोशेलने विचारलं.

"तू?" आत्या सोंगट्या पिसत म्हणाली. "तू आमचं गिऱ्हाईक."