कुलाबा दर्शिका, पान एकशे बारा

विश्वजीत देवस्थळींच्या पदरात पडण्यासारखं होतं ते एवढंच: नव्या देवळाच्या सोहळ्याला मांडवात पहिल्या रांगेतली खुर्ची, संगमरवरी पाटीवर 'इतिहास संशोधन' या शब्दांखाली स्वतःचं नाव, आणि ज्या शेजाऱ्यांनी त्यांच्या रद्दीला बारा वर्षं नाकं मुरडली त्यांना ती पाटी दाखवायला नेण्याचं सुख. विमा कंपनीतून निवृत्त होऊन खांदा कॉलनीत राहणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ होतं.

रद्दी म्हणजे जुन्या व्यापारी दर्शिका. कुलाबा जिल्ह्यात कोणाची भातगिरणी, कोण गाडीची चाकं करतो, कोणाचं मिठागर, सगळं गाववार छापलेलं. आजे-पणजे शोधत लोक यायचे. देवस्थळी त्यांना चहा द्यायचे आणि वर दम भरायचे, "एका आवृत्तीवर विसंबू नका. मागची काढून ताडून बघा. छापणारा काही दर वेळी गावोगाव हिंडत नसे."

विमानतळासाठी उठवलेलं एक आगरी गाव उलव्याच्या बाजूला नव्याने वसलं, तिथून हे प्रकरण आलं. जुन्या गावात देवीच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे घरांच्या ओळीवरून ठरायचं. नव्या प्लॉटांत घरं पत्त्यांसारखी पिसली गेली. मग कमिटीने ठराव केला: जुनं देऊळ एकोणीसशे छत्तीस साली मिठागराच्या उत्पन्नातून उभं राहिलं; त्या साली मिठागर ज्याच्या हातात, त्याच्या वंशाचा पहिला खांदा. तुळशीराम म्हणे, माझा आजा चांगो. त्याच्या भावकीतला बाळू म्हणे, माझा आजा धाया, चांगोचा धाकटा भाऊ. दोघे एकाच दिवशी देवस्थळींच्या दारात.

छत्तीस सालची दर्शिका, पान एकशे बारा. देवस्थळींनी बोट ठेवून वाचलं, "मीठ उत्पादक, चांगो पोशा."

"छापील हाय," तुळशीराम म्हणाला. "आता बोल."

"चांगो चौतीसलाच आगर धायाच्या हाती सोडून गोदीत गेला," बाळू म्हणाला. "हौसाआत्या सांगते."

"हौसाआत्याला काल काय खाल्ला ते आठवत नाय. तुजा आजा मीठ चोरायचा, ते कुठल्या पानावर हाय ते इचार सरांना."

बाळूने स्टूल उचलून हाणलं. ते तुळशीरामाचा कान सोलवटून शोकेसच्या काचेत गेलं. तुळशीरामाने त्याचा गळा धरून त्याला फ्रिजवर दोनदा आपटलं. देवस्थळींच्या पत्नी कुमुदताईंनी उकळत्या चहाचं पातेलं दोघांच्या हातांवर ओतलं, तेव्हा सुटले. देवस्थळी तेवढ्यात दर्शिका छातीशी धरून आतल्या खोलीत पोचले होते.

कमिटीने पान मानलं, पाटीवर देवस्थळींचं नाव घालायचं ठरवलं, आणि आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. वर देवी, खाली पान एकशे बारा, मध्ये गॉगल लावलेला तुळशीराम. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या सगळ्या काचा फुटल्या. तिसऱ्या दिवशी तुळशीरामाचा मुलगा शार्दूल याने दोन मित्र घेऊन बाळूला मोटरसायकलवरून खाली ओढलं आणि स्टंपने इतकं बडवलं की स्टंप मोडला. दोन बरगड्याही.

सोहळ्याला सहा दिवस उरले असताना देवस्थळी पाटीवर कोरलेला मजकूर ताडून बघायला तीच दर्शिका उघडून बसले. सुरुवातीच्या पानांत काळ्या चौकटीत एका गिरणीवाल्याचा फोटो होता, 'गतवर्षी निवर्तले.' पुढे पान एकशे अकरावर हाच गृहस्थ खुशाल गिरणी चालवत होता. देवस्थळींनी कपाटातून तेहतीसची आवृत्ती काढली. पानं तीच, नावं तीच, मोडका टाइपसुद्धा तोच. म्हणजे पनवेल तालुक्याची यादी जुनीच उचलून छापली होती. छत्तीस साली मिठागर कोणाकडे होतं, याबद्दल ते पान काहीच सांगत नव्हतं.

"मग कमिटीला फोन करा ना," कुमुदताई म्हणाल्या.

"पाटी कोरून झाली गं."

"माणसं मारतायत एकमेकांना."

"ती तशीही मारतात."

संध्याकाळी बाळूचाच फोन आला. बरगड्यांमुळे त्याला धड श्वास घेता येत नव्हता. "सर, एकच इचारतो. गावातून गेलेली मानसा तुमच्या बुकात तशीच ऱ्हातात का?"

देवस्थळींनी पस्तीस वर्षं विम्याचे दावे नाकारले होते. शब्द आपोआप आले, "छापलंय ते मी वाचून दाखवलं, बाळूशेठ."

सोहळ्याच्या दिवशी तुळशीरामाने पालखीच्या दांडीखाली खांदा घातला. बाळू पट्टे बांधलेल्या छातीने पुढे आला आणि त्याने दांडी धरली. शार्दूलने मांडवाचा पाइप उपसून त्याच्या पाठीत घातला. बाळू गुडघ्यावर आला, पण हाताला फोडलेल्या नारळाची करवंटी लागली, ती त्याने वळून तुळशीरामाच्या तोंडावर मारली. करवंटीची धार डाव्या डोळ्यात गेली. बापाचा डोळा बघून शार्दूलने नारळ सोलायचा कोयता उचलला. बाळूचा मुलगा जीवन मध्ये आला आणि त्याने हात आडवा धरला.

बोटं झेंडूच्या ढिगात पडली. पहिल्या रांगेतून ते फार स्पष्ट दिसलं. देवस्थळींनी खुर्ची मागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी ते छत्तीसची आणि तेहतीसची, दोन्ही दर्शिका घेऊन हॉस्पिटलात गेले. बाळू ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसला होता. त्याने दोन्ही पानं शेजारी धरून नीट वाचली.

"ही आज गावली?"

"सात दिवस झाले."

बाळूने पुस्तक मिटलं आणि त्याच्या जाड पुठ्ठ्याने देवस्थळींच्या तोंडावर हाणलं. एकदाच. मग पुन्हा बाकावर बसला. नर्सने कापूस आणून दिला.

हिशेब असा लागला. तुळशीरामाचा एक डोळा. शार्दूल कोठडीत, जामीन नाही. पालखी पोलिसांनी गाभाऱ्यात ठेवून कुलूप लावलं, तेव्हा पहिला खांदा कोणाचाच नाही. बाळूच्या बरगड्या, पाइपाची एक धरून, तीन. देवस्थळींचे पुढचे दोन दात, सगळ्यांत स्वस्त. आणि जीवनची उजव्या हाताची तीन बोटं. तो खारघरच्या टॉवरमध्ये लिफ्ट दुरुस्त करायचा, मान-पान त्याला कळत नव्हता. त्या दिवशी अर्धी रजा टाकून तो बापाला घरी न्यायला आला होता.