डावा ट्रे निळा

चाक निसटलं ते नेमकं टेलरबाई गाडीत बसलेल्या असताना. एरवी त्या बसायच्या नाहीत. त्या गाडीत बसायचं म्हणजे आधी एक पाय आत, मग कंबर, मग उरलेलं सगळं, आणि उतरताना हीच कसरत उलटी. गुडघे दुखणाऱ्या बाईने हे उद्योग करायचे कशाला? पण त्या सकाळी मिलिमीटर म्हणाले, “चल गं, पुढच्या चाकांना नवीन ग्रीस भरलंय, लोण्यासारखी चालते बघ,” आणि बाई भुलल्या.

मिलिमीटर म्हणजे त्यांचा नवरा. हयातभर चष्म्याच्या काचा घासल्या, घरात खिळा ठोकायचा तरी मापपट्टी घेऊन उभे राहायचे, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. गाडी ब्रिटिश बनावटीची, दोन सीटची, बुटकी, कापडी टपाची, बाईंच्या लग्नाइतकी जुनी. तिला त्यांनी कधीही गॅरेजवाल्याचा हात लागू दिला नाही. कार्बोरेटर घरी, ब्रेक घरी, वायरिंग घरी. टप बाईंनी शिवला, सीटा बाईंनी शिवल्या. त्या गाडीला मडम म्हणायच्या, आणि रागावल्या की सवत.

तर बेकरीच्या वळणावर मडमचा पुढचा डावा कोपरा धाडकन खाली बसला, लोखंड रस्त्यावर खरडत गेलं, आणि चाक मात्र एकटंच पुढे निघालं. गाडी सावकाश होती म्हणून निभावलं. चाक रस्ता ओलांडून गेलं, फुटपाथच्या कडेला आपटलं, गरगरलं आणि आडवं झालं. तिथून हातभर अंतरावर एक बाई बाबागाडी धरून उभी होती. ती ओरडली नाही. तिने बाबागाडी मागे ओढली, आतल्या बाळाकडे पाहिलं, आणि मग या दोघांकडे पाहिलं. बस, तेवढंच.

बेकरीवाल्याने चाक उचलून आणलं आणि हसत म्हणाला, “काका, घाई होती वाटतं त्याला!” मिलिमीटर हसले नाहीत.

आता यात काय चुकलं ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. या गाडीच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट. त्याला दोन कान असतात, आणि तांब्याच्या हातोडीने त्या कानांवर ठोकून तो आवळायचा. डावीकडचा नट एका दिशेने आवळतो, उजवीकडचा बरोबर उलट्या. असं का, तर गाडी पुढे धावते तशी चाकं आपापले नट स्वतःच घट्ट करत जातात. नट ज्या हबवर बसतो, म्हणजे चाकाच्या आतल्या दांड्यावर, त्याचे आटे त्याप्रमाणे कापलेले. पण डावा हब उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला की तेच चाक प्रत्येक वळशाला आपला नट सोडवत बसतं. दोन-चार फेऱ्या सुखरूप होतात आणि मग एक दिवस बेकरीचं वळण येतं.

ही अदलाबदल होऊ नये म्हणून मिलिमीटरांचा एक नियम होता. डाव्या बाजूचं जे काही सुटेल ते निळ्या ट्रेमध्ये, उजव्या बाजूचं पांढऱ्यात. ट्रे एनॅमलचे, बाईंच्या कापड रंगवण्याच्या दिवसांतले. “डावा ट्रे निळा,” हे वाक्य त्या घरात इतक्यांदा ऐकू आलं होतं की बाई झोपेतही म्हणून दाखवतील.

चाक तात्पुरतं चढवून गाडी ढकलत घरी आणल्यावर मिलिमीटरांनी पुढची दोन्ही चाकं उतरवली आणि जमिनीवर बसून हबांचे आटे तपासले. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “हब उलटे बसवलेत मी.”

“मग सुलटे बसवा. जेवायचं कधी?”

“अगं, तसं नाही. निळ्यात डावा ठेवला होता, निळ्यातलाच काढून डावीकडे बसवला. हे मला स्पष्ट आठवतंय. आणि झालंय मात्र उलटं. म्हणजे जे मला आठवतंय ते खरं नाहीये.”

बाईंनी गॅस बारीक केला. हे कुठे चाललंय ते त्यांना कळलं. मिलिमीटरांचे थोरले भाऊ, म्हणजे बाईंचे मोठे दीर, चांगले हिशेबी गृहस्थ. आधी चपला विसरायला लागले, मग वाट, आणि शेवटी एका दुपारी स्वतःच्या बायकोला विचारलं, “आपण कुणाकडच्या?” जाऊबाईंनी ते हसून सांगितलं होतं आणि सांगता सांगता त्यांना हुंदका फुटला होता. तेव्हापासून मिलिमीटर चष्मा विसरले तरी पांढरे पडायचे.

“तसलं काही नाही हो,” बाई म्हणाल्या.

“ते बाळ हातभर अंतरावर होतं,” मिलिमीटर म्हणाले. “गाडी विकतो. दातांच्या डॉक्टरांना फोन करतो, ते कधीचे मागे लागलेत.”

आणि त्यांनी खरंच फोन केला.

आता खरं सांगायचं तर बाईंना आनंद व्हायला हवा होता. गाडी उभी असायची ती जागा म्हणजे घरातला सगळ्यात चांगला भाग. मोठं दार, दिवसभर सारखा उजेड, सपाट फरशी. आणि बाई इतकी वर्षं कुठे शिवत होत्या? पॅसेजमध्ये! येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागून कात्री सरकायची. कापड बेतायला त्या पलंगावरची गादी गुंडाळायच्या. “ही बया गेली की मी इथे टेबल टाकणार,” हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की ती आता धमकी राहिली नव्हती, नुसतं बोलणं झालं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मिलिमीटर दाढी करत होते तेवढ्यात बाई टेप घेऊन गॅरेजमध्ये गेल्या. हब मिलिमीटरांनी आदल्या दिवशीच सुलटे करून ठेवले होते. मडम चारही चाकांवर उभी होती, धुतलेली, पुसलेली, पाहुणे येणार म्हणून तयार बसवलेल्या मुलीसारखी. बाईंनी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावला. टेबल आरामात मावत होतं. खिडकीखाली मशीनही. बरं वाटलं त्यांना, का वाटू नये?

रिकामे ट्रे बाकड्यावर पडले होते. ते आवरायला म्हणून बाईंनी उचलले, आणि तळाशी घातलेला कागद पाहून थांबल्या. कागद खाकी होता. बेतायचा कागद, त्यांचाच. एका कोपऱ्यात त्यांच्या खडूची रेघही होती.

मिलिमीटर ट्रेमध्ये जुनी वर्तमानपत्रं घालायचे.

आणि मग बाईंना सगळं आठवलं. ट्रेमधली वर्तमानपत्रं तेलाने भिजून बाकडं चिकट झालं होतं. मिलिमीटर ग्रीस आणायला गेले होते. बाईंनी म्हटलं, बदलून टाकू. दोन्ही हब काढून शेजारी शेजारी ठेवले. एवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. जाऊबाई बोलायला लागल्या की बोलतातच. परत येऊन बाईंनी नवे कागद घातले आणि हब उचलून ठेवले. एक निळ्यात, एक पांढऱ्यात. कुठला कशात, हा विचारसुद्धा त्यांच्या मनाला शिवला नाही. दिसायला दोन्ही जुळे.

“अगं बाई!” त्या मोठ्याने म्हणाल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

आता बघा हं. नुसतं गप्प बसायचं होतं. काही करायचं नाही, खोटंही बोलायचं नाही. डॉक्टर येतील, मडम जाईल, टेबल येईल. शिवाय उतारवयात या खुळ्या गाडीतून फिरायचं बंद होईल, यात वाईट काय? बाईंनी ट्रे जागेवर ठेवले. चहा टाकला. चहा पिताना मिलिमीटरांनी विचारलं, “साखर घातलीस का? नको म्हणून सांगायला विसरलो मी.” आणि स्वतःच घाबरून कपाकडे बघत राहिले. त्यांना बिनसाखरेचा चहा लागायचा आणि तो तसाच होता. तरी बाईंनी ट्रेची गोष्ट काढली नाही. हे लपवण्यासारखं नाही, त्या तशा वागल्या खऱ्या.

दातांचे डॉक्टर आले. भला माणूस, गाडीभोवती फिरताना चपला दाराशी काढून आलेला. मिलिमीटरांनी त्यांना एकेक गोष्ट दाखवली: चोक किती ओढायचा, सकाळी गरम व्हायला किती वेळ द्यायचा, कुठला आवाज मनावर घ्यायचा नाही. सांगताना त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, “पण आता का विकताय?”

मिलिमीटर म्हणाले, “मला विसरायला होतं. आमच्या घराण्यात आहे ते.”

परक्या माणसासमोर, उभ्या उभ्या, पुसायच्या फडक्याची घडी घालत घालत म्हणाले.

“काही विसरत नाहीत हे!” बाई दारातून ओरडल्याच. “हब मी बदललेत! मी! ट्रेमधला कागद बदलला मी, आणि हब ठेवले उलटेपालटे. तुमचं आठवणं अगदी बरोबर होतं.”

मिलिमीटरांनी बाकड्याकडे जाऊन निळा ट्रे उचलला. खाकी कागद पाहिला. खडूची रेघ पाहिली. त्यांचा चेहरा असा काही उजळला की बाईंना स्वतःची लाज वाटली. “म्हणजे निळ्यातलाच काढला होता मी!” ते डॉक्टरांना म्हणाले. “बघा! निळ्यातलाच!”

डॉक्टर समजूतदार होते. “तुम्ही दोघं बोला, मी मग फोन करतो,” म्हणाले आणि चपला घालून गेले.

“कागद कुणी बदलायला सांगितला होता तुला?” मिलिमीटर ओरडले, पण त्या ओरडण्यात आनंदच जास्त होता. “आणि कधीपासून माहीत होतं तुला?”

“सकाळपासून,” बाई म्हणाल्या. “टेबल दिसत होतं ना डोळ्यांसमोर. मेलं ते टेबल.”

मिलिमीटर हसले. चाकाजवळ बसले आणि नटाच्या कानावर हात फिरवायला लागले. फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. बाईंना वाटलं, गुडघा धरला असेल.

“इकडे ये,” ते म्हणाले. “हे बघ. यावर बाण आहे. सोडवायची दिशा. आणि बाजूही कोरलेली आहे, डावा, उजवा.”

“मग?”

“हब उलटा असला तर डावा नट त्यावर चढतच नाही. आटे जुळत नाहीत. मी लावला असणार, तो चढला नसणार. मग मी दुसरा उचलला. तो चढला.” ते थांबले. “हातोडीसुद्धा नेहमीच्या उलट्या बाजूने मारली असेल मी. नटावर ‘उजवा’ कोरलेलं समोर असताना. आणि मला काहीच वाटलं नाही गं. बायको कागद बदलू शकते. पण नट चढत नाही म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. झोपेत कळायला हवं होतं.”

“एवढं कुणाचंही चुकतं” असं बाईंना म्हणावंसं वाटलं, पण या माणसाचं या गाडीत एवढं कधीच चुकलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांना भीती वाटली. जाऊबाई आठवल्या. त्या हळूच, गुडघा सांभाळत, नवऱ्याशेजारी फरशीवर बसल्या.

“मला भीती वाटतेय,” त्या म्हणाल्या.

“मलाही.”

“आपण उद्या डॉक्टरकडे जाऊ. दातांच्या नव्हे. बसने जाऊ.”

“आणि हिचं काय?”

“राहू दे इथेच. डॉक्टर काय सांगतात ते कळेपर्यंत किल्ली माझ्याकडे. रस्त्यावर न्यायची नाही. पण उघडायची, धुवायची, ग्रीस भरायचं, ते करा की. मी असेन इथे.”

“तुला काय कळतं यातलं?”

“डावी बाही उजवीकडे लावली की मला लांबून कळतं. दाखवा तो बाण.”

मिलिमीटरांनी दाखवला. मग त्यांनी डाव्या चाकाचा नट सैल केला, पुन्हा चढवला, आणि तांब्याची हातोडी हातात घेतली. ती हातोडी त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. थोडा वेळ ती तशीच धरून राहिले आणि मग बाईंपुढे केली.

“कुठल्या बाजूने?” बाईंनी विचारलं.

“तूच बघून सांग,” ते म्हणाले. “मी सांगितलेलं धरू नकोस.”

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला, बाण बोटाने चाचपला, दोनदा पाहिला, आणि त्याच्या उलट दिशेने ठोकलं.