तीन नंबरवरची वाट

वाटाण्याएवढं ते यंत्र तिच्या तळहातावर पडलं तेव्हा अजून कोमट होतं — ओरेस्तेच्या कानाची ऊब, कडेला किंचित मळ, आणि आत कुठेतरी बारीक शिट्टी चालूच... स्टेशनवर ते फार किंचाळतं म्हणून त्याने काढलं होतं, नेहमीसारखं, आणि नेहमीसारखंच बायकोच्या हातात दिलं होतं. ईरिदेने ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. इथून पुढचं ऐकायचं काम तिचं.

आज संप होता. आन्कोनाला जाणारी सकाळची ही एकच गाडी धावणार होती, नंतर संध्याकाळपर्यंत एकही नाही. आणि आन्कोनाच्या इस्पितळात ओरेस्तेचा धाकटा भाऊ वाल्तेर शेवटच्या घटका मोजत होता. दुपारपर्यंत पोचा, त्यानंतरचं डॉक्टर सांगत नाहीत, असं पुतण्याने पहाटे फोनवर कळवलं होतं — फोन तिनेच घेतला होता, कारण फोनवरचं ओरेस्तेला आता काहीच कळत नाही. बापाच्या बागेची वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. आज ओरेस्तेने बूट स्वतः पुसले होते, आणि भावाला काय म्हणायचं ते घोकत तो तीन नंबरच्या फलाटावर बाकाच्या कडेला बसला होता. त्याचे ओठ हलत होते. माफी मागायची तयारी करताना तिने त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात स्पीकरवर बाई बोलली. आन्कोनाची गाडी तीनऐवजी एक नंबरवर येईल — दोनदा म्हणाली, अगदी स्वच्छ. सगळा फलाट उठला, बॅगा ओढत, संपाच्या आणि रेल्वेच्या नावाने बोटं मोडत भुयाराच्या पायऱ्यांकडे पळाला.

"काय म्हणाली ती?" ओरेस्तेने विचारलं.

उत्तर जिभेवर होतं. ऊठ, एक नंबर, एवढंच... आणि मध्येच पीचचा वास आला, जुलैतल्या तोडणीचा, पेट्यांवर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्यांचा — शिडीवर ओरेस्ते, खाली ती, आणि तिच्या आईच्या गावाहून शेजारणीचा निरोप, की आई सारखी दाराकडे बघतेय. ओरेस्ते फांदीवरची नजर न काढता म्हणाला होता, उद्या जा, पीच काही थांबायचे नाहीत. ती दुसऱ्या दिवशी गेली. आई तोवर गेली होती, हनुवटी फडक्याने बांधून झाली होती. परत आली तेव्हा त्याने जेवायला काय आहे ते विचारलं — दुष्टपणे नव्हे, हेच तर वाईट, त्याला खरोखरच भूक लागली होती.

"मिलानोच्या गाडीचं सांगतायत," ईरिदे म्हणाली. "आपली इथेच."

हे कोण बोललं? आवाज तर माझाच, ओठ नीट उघडून, त्याच्याकडे तोंड करून, डॉक्टरने शिकवलं तसं...

"मेंढरं नुसती," पळणाऱ्यांकडे काठी दाखवून ओरेस्ते हसला.

पाठीवर मोठी बॅग घेतलेली एक मुलगी त्या गर्दीतून मागे फिरली आणि ओरेस्तेकडे पाठ करून ईरिदेपाशी वाकली. "आजी, आन्कोनाच ना? एक नंबर झालाय. आजोबांना मी धरते, चला." तिने हातही पुढे केला. इथे सुटता आलं असतं. ऐकण्यात चूक झाली म्हणायचं आणि उठायचं, कुणाला काही कळलं नसतं.

"आम्हाला दुसरी गाडी आहे, बाळ," ईरिदे म्हणाली, हळू, ओठ फारसे न हलवता. ओरेस्तेने टोपीला हात लावून मुलीचा निरोप घेतला.

पलीकडे गाडी लागली. लोक चढले. ईरिदे वाट पाहत राहिली — छातीत धस्स होण्याची, पाय आपोआप उठण्याची, कशाचीही — पण आतून काहीच आलं नाही. गाडी सुटली. तिने त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"उशीर करतायत," तो म्हणाला. मग, तिच्या तोंडाकडे बघत, जरा लाजून, "पोरगा फोनवर काय म्हणाला होता गं? वाल्तेरने माझं नाव काढलं का?"

रात्रभर काकांचंच नाव चाललंय काकू, असं म्हणाला होता पुतण्या, रडत. पहाटेच्या गडबडीत ते सांगायचं राहून गेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही बोलला नाही."

ओरेस्तेने मान हलवली. लगेच विश्वास ठेवला. त्याचे हलणारे ओठ थांबले आणि तो रुळांकडे बघत बसला, आणि त्या रिकाम्या फलाटावर तिला कळलं की यापुढे डॉक्टर, पुतणे, शेजारी, जो कोणी त्याच्याशी बोलेल तो आधी माझ्याशी बोलेल, आणि त्यातलं किती त्याला द्यायचं ते मी ठरवीन... तिला स्वतःची भीती वाटली, खरीखुरी भीती. आणि त्या भीतीच्या खाली आनंद होता.