सीटवरची खुडूक कोंबडी

निरवांगीच्या झुंबरतात्यांच्या घरात ट्रॅक्टरचं नाव काढायची बंदी होती. मागल्या हंगामात कालव्याच्या वळणावर उसाची ट्रॉली कलंडली आणि तात्यांचा पाय मोडला. मडगार्डवर बसलेली त्यांची बायको छबूबाई बाजूच्या उसात जाऊन पडली, तिचं खरचटण्यावर निभावलं. पाय जुळून आला, पण तात्या काही ट्रॅक्टरवर चढेनात. मग ट्रॅक्टर ताडपत्रीखाली गेला आणि सगळे त्याला नुसतं 'ते' म्हणू लागले. रस्त्यानं कारखान्याचा ट्रॅक्टर गाणी वाजवत आला, की छबूबाई धाडकन खिडकी लावी. उगाच माणसाला आठवण कशाला?

अपघातातून उठलेल्या घरांना धीर द्यायला बारामतीहून मनिषाताई यायच्या. चहा पाजून बाईला वाटेला लावावं, एवढाच छबूबाईचा बेत असे. पण एकदा त्या म्हणाल्या, "मावशी, भीती झाकून ठेवली की वाढते. रोज थोडं थोडं जवळ जायचं, बळजबरी न करता."

हे मात्र तिच्या डोक्यात बसलं. हंगाम तोंडावर आला होता, आणि ट्रॅक्टरवाचून हा माणूस बसून बसून खंगेल, या काळजीनं तिला घास गोड लागत नव्हता. तिनं युक्ती काढली. खुडूक कोंबडी अंड्यांसकट पाटीत बसवली आणि सून सुप्रियाकडून ती पाटी ताडपत्रीखाली, थेट ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवून घेतली. एकदा बसलेली खुडूक पिल्लं निघेपर्यंत हलवायची नाही, हा त्या घरचा कायदा.

"अवं, माझं गुडघं दुखत्यात. कोंबडीचं दाणापाणी तेवढं तुमीच बघा."

पहिल्या दिवशी तात्या लांबूनच दाणे फेकून आले. मग पायरीवर चढून पाणी ठेवू लागले. पुढं तर कोंबडीशी गप्पा सुरू झाल्या. छबूबाई चुलीपाशी स्वतःवरच खूश होऊन गालात हसे.

पिल्लं निघाली त्या सकाळी तात्यांनी पाटी उतरवली, ताडपत्री ओढली आणि ट्रॅक्टर चालू केला. सुप्रियानं टाळ्या वाजवल्या.

"चल, वरकुट्यापर्यंत चक्कर मारू," मडगार्डवर थाप मारत तात्या म्हणाले.

छबूबाईचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

तात्यांनी इंजिन बंद केलं. "माझी भीती तुझ्या कोंबडीनं घालवली, छबू. पर खिडकी कोण लावतंय घरात? आन् पाटी ठिवायला सुनंला का धाडलंस?"

छबूबाई मटकन खाली बसली. कालव्यावरच्या अपघातापासून ती स्वतःसाठी एकदाही रडली नव्हती. आता पदर भिजेपर्यंत रडली, आणि तिला हलकं वाटलं.

तात्यांनी पिल्लांची पाटी उचलून ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकापाशी नेऊन ठेवली आणि कण्यांचा डबा तिच्यापुढं धरला.

"माझा पाय लई दुखतोय बघ. पिल्लांचं दाणापाणी तेवढं तूच बघ."

छबूबाईला रडता रडता हसू आलं. डबा घेऊन ती उंबरा उतरली आणि चाकापासून दोन हातांवर उभी राहिली.

"आज हितूनच," ती म्हणाली. "आन् ट्रॅक्टरवरचं गाणं लावा. बारीक आवाजात."